माळवदावर चढण्याआधी

परभणीतली माझी पहिली खोली माळवदावर होती, आणि त्या माळवदाचा एक कायदा होता. पुरुषमाणसानं वर चढायचं तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबायचं, मोठ्यानं आवाज द्यायचा आणि शेजारच्या छतावरची पळापळ शांत झाल्याशिवाय वर पाऊल टाकायचं नाही. गल्लीतली घरं भिंतीला भिंत लावून उभी होती. माळवदंही एकमेकांना चिकटलेली, मध्ये जेमतेम गुडघ्याएवढी भिंत. खाली दारांना गोणपाटाचे पडदे होते, पण वर उघड्या आभाळाखाली पडदा लावणार कुठं? म्हणून हा आवाज. पतंग काढायला चढणारं पोरगं ओरडायचं, "पर्दा कर लेव, छत पो आरौं!" पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायला आलेला गडी मराठीतून ओरडायचा. हिंदू असो की मुसलमान, कायदा सगळ्यांना सारखाच होता.

बायकांना तो लागू नव्हता. त्यामुळं गल्लीतून पदर सावरत, खाली मान घालून चालणाऱ्या आम्ही बायका वर गेलो की राज्य करायचो. कुणी केस वाळवायचं, कुणी सांडगे घालायचं, कुणी नुसतंच भिंतीवर बसून सासूच्या नावानं बोटं मोडायचं. मला शहर कळलं ते आधी वरून.

मी बोरीची. घरी कापूस, ज्वारी, थोडी तूर. बारावी झाल्यावर मी पुढं शिकणार म्हटलं तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "खोली भेटली तर शीक." त्यांना खात्री होती की एकट्या पोरीला परभणीत कुणी खोली देणार नाही. मला ती खात्री मोडायची होती. मामाला घेऊन मी दारोदार फिरले. लग्न न झालेली मुलगी म्हटलं की लोकांना आपलं घर एकदम लहान वाटायला लागायचं. शेवटी जुन्या बाजाराच्या मागं एक विधवा बाई भेटल्या. त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आडनावावरून सोयरे विचारले आणि मग जिन्याकडं हात केला. मी त्यांना काकू म्हणायला लागले. काकूंनी पहिल्याच दिवशी कायदा सांगितला, "तुला कुणी पुरुषमाणूस भेटायला आलं तर त्याच्या आवाजाची जबाबदारी तुझी. एकदा चुकलं की खोली गेली. शेजाऱ्यांशी मला वाकडं परवडत नाही."

विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलेलं होतं ते दिवस. आडनाव विचारण्याला तेव्हा फार धार आली होती. माझ्या वर्गात पूर्ण्याची एक मुलगी होती, वडील रेल्वेत. तिनंही आमच्याच गल्लीत खोली शोधली होती. तिनं नाव सांगितलं की प्रत्येक ठिकाणी खोली नुकतीच कुणाला तरी दिलेली असायची. ती रोज पूर्ण्याहून रेल्वेनं यायची आणि माझ्याआधी वर्गात हजर असायची. मला खोली मिळाली ती माझ्या गुणांवर नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. राग यायचा. पण त्या रागाचं मी एकच करू शकले, मिळालेली खोली वाया जाऊ द्यायची नाही असं ठरवलं.

आणि शहरही वाया जाऊ द्यायचं नाही. कॉलेजातून येताना रोज एक नवी गल्ली, असा मी नेम केला. गावात रस्ता म्हणजे रस्ता, तो कुठं तरी जातोच. इथल्या गल्ल्या मात्र दोन वळणं घेऊन सरळ कुणाच्या तरी अंगणात शिरायच्या. समोर भांडी घासणारी बाई, मी वह्या छातीशी धरून उभी. पहिल्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं शिकले. अशा वेळी खाकरायचं, "चुकले बाई" म्हणायचं आणि ताठ मानेनं परत फिरायचं. एकदा अशाच एका बाईनं मला बसवून चहा पाजला आणि मागच्या दारानं दुसऱ्या गल्लीत सोडलं. मग मला मागची दारंही कळायला लागली.

पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार ऐकू आला की डावीकडं वळायचं. कल्हईवाल्याच्या नवसागराचा धूर नाकात गेला की आपण पुढं आलो. बेकरीच्या भट्टीची भिंत हिवाळ्यात पाठ शेकायला बरी, तिथं म्हातारे सकाळपासून जागा धरून बसलेले. चुडीवाल्यांच्या गल्लीत काही घ्यायचं नसलं तरी हात पुढं करावासा वाटायचा. संध्याकाळी माळवदावर उभी राहून मी दिवसा पायांनी चाललेली गल्ली वरून शोधायचे. सापडली की फार बरं वाटायचं, अगदी आपल्या मालकीची झाल्यासारखं.

शेजारचं माळवद एका लाकूडवखारवाल्यांच्या मोठ्या घराचं होतं. त्या घरात पडदा कडक. घरची मोठी बाई सगळ्या गल्लीची खाला, म्हणजे मावशी, होती. तिची धाकटी सून माझ्याच वयाची. पहिले काही दिवस आम्ही एकमेकींकडं नुसतं बघितलं. मग मी बोरीहून आणलेला हुरडा भिंतीवरून दिला, तर दुसऱ्या दिवशी तिकडून खिचडी आणि चिंचेचा झणझणीत खट्टा आला. तो खाऊन माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती खो खो हसली. तेव्हापासून भिंत नावालाच राहिली. आमचं सगळं येणंजाणं वरून. तिच्या घराचं पुढचं दार मी कधी ओलांडलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी, हिवाळा सरता सरता, पुन्हा बंद झाला. कॉलेजला कुलूप. एसटी गाड्यांवर दगड पडले म्हणून गाड्या आगारात उभ्या. बाजार अर्धा उघडा, अर्धा मिटलेला. आणि एका संध्याकाळी आबा दारात. कापसाच्या ट्रकमधून आले होते. सगळ्या धोतराला सरकी चिकटलेली.

जेवून झाल्यावर ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं. गावात लोक नावं ठेवायलेत, पोरगी दंगलीच्या गावात ठेवली म्हणून. आणि एक स्थळ आलंय. पोरगा जिंतूरला असतो, घरचं बरं हाय.

"उद्याच्याला ट्रक परत जायलाय. सामान बांध."

"आबा, परीक्षा हाय."

"कॉलेजच बंद हाय तर परीक्षा कशाची?"

"उघडंल ना. आज ना उद्या उघडंलच की."

"उघडल्यावर बगू."

ते "बगू" मला चांगलं माहीत होतं. आमच्या घरात बगू म्हटलेली गोष्ट कुणी पुन्हा बघितलेली नव्हती. माझी मोठी बहीण सातवीतून अशीच चार दिवसांसाठी घरी आली होती, आता तिला दोन लेकरं होती. मी एकदा ट्रकमध्ये बसले की संपलं. मी म्हटलं, "मी यायची न्हाई." आबांनी पिशवी उशाला घेतली. घोंगडं पांघरून ओसरीवर आडवे झाले. मी वर जाऊन सामान बांधायचं सोडून पुस्तक उघडून बसले. अक्षर एक दिसत नव्हतं, पण पुस्तक मिटलं नाही.

सकाळी किंकाळीनं जाग आली.

दार उघडून बाहेर आले तर आभाळ भरून आलेलं, बारीक थेंब पडायला लागलेले, आणि आबा शेजारच्या माळवदावर! मधली भिंत ओलांडून पलीकडं. खालाकडच्या जिन्यात त्या धाकट्या सुनेची पाठ दिसली, ओढणी नाही, अनवाणी, धडपडत खाली पळणारी. "अम्मी! छत पो कोई मरद है!" असं ती ओरडत होती. आबा जागच्या जागी खिळले होते. मी त्यांचा हात धरून अलीकडं ओढलं.

झालं काय ते मी नंतर जुळवलं. शेतकऱ्याला जाग आली की आधी आभाळ बघायचं असतं. गावी खळ्यावर ज्वारी पडलेली, वारा फिरलेला, ओसरीवरून गल्लीच्या फटीतून आभाळाची चिंधी दिसणार. ते सरळ जिना चढले. स्वतःच्या जन्मात त्यांनी माळवदावर जाताना कधी कुणाला आवाज दिला नव्हता. गावात आवाज द्यायचा तो पाखरांना. आणि माझ्याकडून, आदल्या रात्री भांडणाच्या नादात, त्यांना कायदा सांगायचाच राहून गेला होता.

तोवर खाली दार वाजायला लागलं. वखारवाले बडे मियाँ, म्हणजे खालाचे मालक, आणि त्यांचे दोन मुलगे अंगणात आले. मागं गल्ली जमली. दिवस असे की कोण कुठल्या छतावर चढलं एवढ्यावरून डोकी फुटावीत.

"छत पो कौन चढ्या था?"

आबा पुढं झाले. निजामाच्या शाळेत ते दोन-तीन इयत्ता उर्दूत शिकलेले, भाषा त्यांना येत होती. पण ते म्हणाले एवढंच, "मी चढलो होतो." त्यापुढं तोंड गच्च मिटलं. आमच्या आबांचा हा स्वभावच. चूक कबूल करतील, खुलासा देणार नाहीत. खुलासा म्हणजे त्यांच्या लेखी गयावया.

बडे मियाँनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग काकूंकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "बाई, आपल्या दोन घरांत असं कधी झालं नव्हतं." ते आले तसे निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. काकूंचं तोंड पांढरं पडलं होतं. "संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आबा वर आले आणि माझी वळकटी गुंडाळायला लागले. मी ती उलगडली. त्यांनी पेटीत पुस्तकं भरली. मी बाहेर काढली. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा ते चिडले.

"आता तर खोलीबी गेली. आता कशाच्या जिवावर ऱ्हायलीस?"

"खोली परत घेईन."

"कोन देतंय?"

"त्या पूर्ण्याच्या पोरीला कुणी दिली न्हाई तरी ती रोज येती, आबा. मला भेटलेली मी सोडू?"

त्यांनी वर बघितलं, आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. आबांच्या डोक्यावर पटका नव्हता. मी जन्मापासून त्यांना दाराबाहेर बोडक्या डोक्यानं बघितलेलं नव्हतं. आजी गेली तेव्हा तेवढं एकदा. ते तसेच बोडके अंगणात चार लोकांपुढं उभे राहिले होते आणि मला दिसलंही नव्हतं.

"आबा, पटका कुठाय?"

"ऱ्हाऊ दे तो पटका."

"बोडक्यानं गावात जाणार? लोक इचारतील घरात कोन गेलं म्हणून."

ते पेटीशी चाळा करत राहिले. मी समोर बसले आणि हलले नाही. अखेर खाली बघत म्हणाले, "मिरच्यावर टाकलाय."

"कुणाच्या?"

"त्येंच्याच. सगळ्या मिरच्या पसरून ठिवलेल्या. पाऊस आलता. भिजाव्या का डोळ्यादेखत? गोळा करून ढीग घातला. झाकायला काय न्हवतं."

मला एकाच वेळी हसायला आणि रडायला आलं, आणि दोन्हीपेक्षा जास्त संताप आला. खाली सगळी गल्ली त्यांना काय समजत होती आणि हा माणूस तोंडातून दोन शब्द काढायला तयार नव्हता. मी म्हटलं, "ह्ये खाली सांगायचं न्हाई व्हय?" तर म्हणाले, "लोकाच्या मिरच्या झाकल्या म्हणून डंका पिटू?"

मी उठले. भिंत समोर होती, रोजच्यासारखी ओलांडता आली असती. पण आज तिथून जायचं नव्हतं. जिना उतरले, काकूंच्या दारातून बाहेर पडले आणि जमलेल्या लोकांमधून शेजारच्या पुढच्या दारापाशी जाऊन उभी राहिले.  गोणपाटाच्या पडद्याबाहेरून मी आवाज दिला. कायदा पुरुषांचा होता, तरी दिला.

"खाला, मी आत येऊ का?"

पडद्याच्या फटीतून दिसलं, बैठकीत बडे मियाँ आणि मुलगे बसलेले. आतल्या पडद्याआड खाला. कुणी ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. मी उंबऱ्यातूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "माझ्या वडलांनी आवाज दिला नाही, ही चूक आहे. त्यांना मी सांगितलं नव्हतं, ती माझी चूक. त्याची माफी मागते. पण खोली सोडायच्या आधी तुम्ही एकदा तुमच्या मिरच्या बघून या. वर आमच्या घरचा पटका राहिलाय, तेवढा द्या. त्याच्याशिवाय आबांना गावात जाता येणार नाही."

आत काही वेळ कुजबुज झाली. मग जिन्यावर खालाची जड पावलं वाजली. पाऊस केव्हाच थांबला होता, पाच मिनिटंही पडला नसेल. ती वर बराच वेळ थांबली.  मी नखानं वहीचा कोपरा खरवडावा तसा पदराचा काठ खरवडत होते. मग पावलं खाली आली आणि पडद्याआडून त्या धाकट्या सुनेचा आवाज आला, अजून थोडा कापरा, "अम्मी, चोर मिरच्यां ढांक के जाता क्या?"

आधी खाला हसली. मग थोरला मुलगा. बडे मियाँनी दाढीवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. हसण्यानं की कशानं, कोण जाणे. ते मला म्हणाले, "बेटी, तेरे वालिद मुंह में क्या मूंग भर के बैठे थे?" मी म्हटलं, "त्यांचं असंच आहे."

खाला स्वतः आली. बुरखा घालून, सुनेला मागं घेऊन, काकूंच्या अंगणात. एवढ्याशा अंतरासाठी ती पुढच्या दारानं आलेली काकूंनी कधी बघितली नव्हती. तिच्या हातात आबांचा पटका होता, घडी घातलेला, लाल डाग पडलेला. आबा बोडक्या डोक्यानं जिन्याखाली उभे राहिले आणि त्यांनी नजर जमिनीवर टाकली. समोर ती सून होती, डोक्यावरून पक्की ओढणी घेतलेली, तिचीही नजर जमिनीवर. सकाळी ज्या दोघांनी एकमेकांना उघड्या डोक्यानं बघितलं होतं ती दोघंही एकमेकांसाठी तेवढीच ओशाळलेली होती. 

खाला म्हणाली, "पाटील, पूरे साल की मिरची थी. आपने बचा ली. मगर आइंदा आवाज दे के चढना." मग काकूंकडं वळून, "लडकी कहीं नक्को जाने की. हमारी छत की रौनक है." काकू घाईघाईनं म्हणाल्या, "मी कुठं पाठवतेय? रागात माणूस बोलतंच की."

आबांनी पटका झटकला आणि बांधला. बांधता बांधता त्यांना सटासट शिंका यायला लागल्या. मिरचीचा खकाणा सगळा त्या कापडात. दोन्ही घरं हसत होती आणि आबा शिंकत होते. शिंका थांबल्यावर ते जिन्याशी गेले. पहिल्या पायरीवर थांबले. आमच्या शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या गड्याला हाक मारावी तसा आवाज काढला, "माळवदावर यायलोय होऽऽ! पडदा कराऽऽ!"

वर कुणीच नव्हतं. सगळ्या बायका खाली अंगणातच होत्या. तरी ते थांबले, थांबायचं तेवढं. मग वर गेले आणि माझी वळकटी पुन्हा पसरली.

ट्रक बाजाराच्या तोंडाशी उभा होता. मी तिथवर पोचवायला गेले. आबा चढले, कापडाची पिशवी मांडीवर घेतली. मला राहवेना. मी विचारलं, "आबा, स्थळवाल्यानला काय सांगणार?"

त्यांनी पटक्याचं टोक खोचलं. डोळे मिरचीनं लाल झालेले.

"सांगतो. पोरगी माळवदावर ऱ्हाती म्हनावं. खालून आवाज द्यायचा आन् तिनं हो म्हनूस्तोर पायरी चढायची न्हाई."

ट्रक निघाला. कॉलेज अजून बंदच होतं, बाजार अर्धाच उघडा होता. मी परत फिरले आणि ज्या गल्लीत अजून कधी शिरले नव्हते त्या गल्लीनं घरी गेले.